मुलगा झाल्याचा दोर

मारदाला जन्मापासून नाव नव्हतं. सोलगोलात त्या काळी मुलींना नाव ठेवायची कुणाला गरज वाटत नसे. 'ए धाकटे', 'अगं ए', लग्नानंतर 'अमक्याची बायको', एवढ्यावर बाईचा जन्म निघून जाई. बाप्तिस्म्याच्या दिवशी त्या काळच्या पाळकांनी नाव विचारलं तेव्हा ही तिशी ओलांडलेली बाई नुसती उभी राहिली. तिथंच तिला मारदा हे नाव मिळालं. त्याचं तिला इतकं अप्रूप की विहिरीवर बायकांना ती दम भरायची, "मला मारदा म्हणा, नाहीतर मी ओ देणार नाही." आणि खरंच देत नसे. हट्टीपणा तिला नावाबरोबरच मिळाला असं गाव म्हणायचं, पण ते खोटं. तो आधीपासूनच होता.

ती सुईण होती. सासूच्या हाताखाली शिकली आणि सासू गेल्यावर गावातली सगळी पोरं तिच्याच हातात जन्मली. तिची स्वतःची दोन मात्र पोटातच गेली, आणि त्यानंतर पटकीच्या साथीत नवराही गेला.

सोलगोलात देवांना काही तोटा नव्हता. चुलीचा देव होता, उंबऱ्याचा होता, डोंगराचा होता. संडासाचीसुद्धा एक देवी होती आणि ती भलती खाष्ट होती. ह्या सगळ्यांना खाऊपिऊ घालावं लागे. पण स्वतः कधी उपाशी राहिलेला देव मारदाने ऐकला नव्हता. येशूचं शुभवर्तमान सांगत गावोगाव हिंडणारी एक बाई आली आणि म्हणाली की देव एका गरीब पोरीच्या पोटी, गोठ्यात जन्मला. मारदाने पहिला प्रश्न केला, "नाळ कुणी कापली?"

ती बाई गडबडली. पुस्तकात तसं काही लिहिलेलं नव्हतं.

"म्हणजे खरंच जन्मला, की आपलं म्हणायचं म्हणून?"

"खरंच जन्मला हो."

"मग कापली असणार कुणीतरी. त्याशिवाय पोर जगत नाही."

त्या दिवसापासून तो देव तिचा झाला. आभाळात बसून राहिलेल्या देवाशी तिला काही देणंघेणं नव्हतं. पण हा माणसाचं सोंग घेऊन आला नव्हता. हा रक्तात माखून, रडत, बाईच्या पोटातून बाहेर आला होता, आणि तरी देवच होता. पुढे ती स्वतःच पाठीवर पुस्तकांचं गाठोडं मारून डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर हे सांगत हिंडली. दर नाताळाला चर्चमागच्या चुलीवर ती समुद्रशेवाळाचं कढण शिजवायची. बाळंतिणीला आपल्याकडे तेच देतात. मग मरियेने काय कोरडा भात खायचा? बायका रोज भात लावताना चर्चसाठी मूठभर तांदूळ बाजूला काढत, त्याचा भात व्हायचा, आणि सगळी मंडळी बाळंतिणीच्या नावाने पोटभर जेवायची.

आपल्या मुलखावर जपान्यांचं राज्य होतं; त्यांनी सगळ्यांना जपानी नावं घ्यायला लावली, त्या वर्षीची ही गोष्ट. नाताळच्या आदल्या दुपारी बायका शेवाळ भिजत घालत होत्या, तेवढ्यात हाम पाळक तिथं आले. तरुण, सडपातळ माणूस. विद्यालयात शिकून आलेला, अक्षर मोत्यासारखं, आणि मनाने चांगला. पण त्या दिवशी ते कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हते.

"उद्या सकाळी फौजदार येणार आहेत," ते म्हणाले. "त्यांच्या देवांचा देव्हारा घेऊन. आपल्या समोरच्या भिंतीवर लावायचाय. उपासनेआधी सगळ्यांनी त्याच्यासमोर वाकायचं, मग पूर्वेला त्यांच्या सम्राटाच्या राजवाड्याकडे तोंड करून वाकायचं. मग आपली उपासना."

मारदाने हातातलं शेवाळ पिळून बाजूला ठेवलं.

"आणि आपण हो म्हटलंय?"

"चर्चच्या वरच्या सभेने ठरवलंय, मारदाबाई. हा धर्म नाही, सरकारी रिवाज आहे. सलाम समजायचा."

"सलाम असेल तर कचेरीत जाऊन ठोकू की. त्याला चर्चची भिंत कशाला लागते?"

"हळू बोला."

"त्यांचा राजा दिसायला माणूस पण आतून देव, असंच म्हणतात ना ते? शाळेत पोरांकडून तेच घोकून घेतात. आपण येशूबद्दल जे म्हणतो तेच हे त्यांच्या राजाबद्दल म्हणतात. मग दोघं एका भिंतीवर मावायचे कसे?"

पाळक तिथंच लाकडाच्या ओंडक्यावर बसले. "पलीकडच्या गावच्या पाळकांना सुगीत धरून नेलं," ते म्हणाले. "अजून आलेले नाहीत. त्यांच्या चर्चला कुलूप आहे. आता तिथं कुणाचं लग्न लागत नाही, मेलेल्या माणसापाशी प्रार्थना करायला कुणी नाही. तुम्हाला तेच हवंय का इथं? मला भीती वाटते, बाई. माझी नाही फक्त, सगळ्यांची वाटते."

मारदाला त्यांचा राग आला आणि दयाही आली. दोन्हीचं एकदम काय करायचं ते तिला कळेना, म्हणून ती हात पुसून घरी निघून गेली.

संध्याकाळभर ती पेंढा घेऊन बसली. घरातले दोर उजव्या पिळाचे असतात. बाळंतिणीच्या दाराला लावायचा दोर तेवढा डावा. तो वळताना हात उलटे चालवावे लागतात. तिने मध्ये मध्ये लाल मिरच्या ओवल्या, कोळशाचे तुकडे अडकवले, पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या खोवल्या. मिरच्या म्हणजे मुलगा. उजाडायच्या सुमारास चर्चच्या दारावर ह्या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत तिने तो दोर ताणून बांधला. बायका मागच्या दाराने चुलीपाशी आल्या, पुढे येऊन दोर बघितला, आणि तोंडावर हात ठेवून परत गेल्या.

पाळक आले आणि जागीच थबकले.

"हे काय?"

"मुलगा झालाय ना आज."

"मारदाबाई, तुम्हीच घराघरांत जाऊन हे दोर, ताईत, चिठ्ठ्या जाळायला लावल्यात! जन्माची आजी म्हणतात त्या देवीचा दोर आहे हा. ती भुताखेतांची पूजा आपण सोडली ना?"

"आजी सोडली. दोर का सोडायचा? दोर काय देव आहे? दोर म्हणजे पाटी. आत कोवळं पोर आहे, बाहेरच्यांनी तीन आठवडे पाऊल टाकू नये, एवढंच तो सांगतो. मला फौजदाराला तेच सांगायचंय, आणि जपानी काही मला येत नाही."

"तुम्हाला वाटतं तो ह्याने थांबेल?"

"नाही थांबला तर जाईल ओलांडून. पण आपण काय ओलांडलं ते त्याला कळू दे. आणि आपल्यालाही."

पाळकांनी दोर काढायला हात वर केला. विद्यालयात शिकलेला माणूस, असल्या गोष्टी मानत नव्हता. पण आपल्या मुलखात जन्माचा दोर कुणी स्वतःच्या हाताने तोडत नाही. हात तसाच खाली आला. "काढा हो तो," ते कळवळून म्हणाले. मारदा कढण ढवळायला निघून गेली.

एव्हाना चढणीवरून योंगगिल वर येत होता. सोलगोलचाच पोरगा, आता ठाण्यात शिपाई, कागदोपत्री नाव मात्सुई. पांढऱ्या कापडात गुंडाळलेला देव्हारा त्याने छातीशी धरला होता. दारापाशी येऊन त्याने दोर बघितला आणि एक पाऊल मागे घेतलं.

"आजी! चर्चमध्ये कोण बाळंत झालं?"

"मरिया."

"कुठली मरिया? खालच्या आळीतली?"

"भाजलेले चेस्टनट चारून चारून रविवारच्या शाळेत तुला शिकवलं, ते सगळं वाया गेलं म्हणायचं," मारदा पळी घेऊनच बाहेर आली. "आज तारीख काय?"

योंगगिलच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि त्याचं तोंड उतरलं. "आजी, थट्टा नको. फौजदार मागून येतोय."

"मग तू ये की आत. सरकारी माणूस तू, तुला कोण अडवणार?"

"मी नाही."

"का रे?"

"तुमच्याच हातात जन्मलोय, आणि वर मलाच विचारता?" तो चिडून म्हणाला आणि देव्हारा घेऊन थंडीत तसाच उभा राहिला.

होरिउची फौजदार सावकाश चढून आले. दहा वर्षं आपल्या मुलखात काढलेला माणूस; भाषा बोलायचा, जरा दगड चावल्यासारखी, पण बोलायचा. मंडळी अंगणात गोळा झाली होती. चर्चचे कारभारी सोक सगळ्यांत पुढे, कमरेत वाकायला तयार. फौजदारांची नजर दोरावर गेली आणि मारदाला वाटलं, आता तलवार निघणार.

फौजदारांनी टोपी काढली.

त्यांच्या मुलखात वर्ष सरायला आलं की देवळांच्या दारांना पेंढ्याचा दोर बांधतात. डाव्या पिळाचा, पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या लावलेला. फौजदार दोराखाली उभे राहिले, पीळ निरखून बघितला, आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा खुलला.

"सुंदर," ते म्हणाले. "देव्हाऱ्यासाठी आधीच तयारी केलीत. मी सांगितलंही नव्हतं. मिरच्या लावतात होय इथं?"

क्षणभर कुणाला काही उमगेना. सर्वांत आधी उमगलं ते योंगगिलला. "हो साहेब," तो घाईने म्हणाला. "इथली रीत आहे तशी."

"हो हो, इथली रीत," सोक कारभारी म्हणाले आणि वाकले.

"आमच्या आईच्या गावी असाच दोर वळतात," फौजदार म्हणाले. खरंच त्यांचं मन भरून आलं होतं. "पाळक, मी वाईट बातमी घेऊन जायच्या तयारीने आलो होतो. आता वर लिहितो की सोलगोलच्या मंडळीने दैवी सम्राटांसाठी आपणहून दोर बांधला. देव्हारा भिंतीवर नको, बाजूच्या खोलीत ठेवा. आज वाकायचंही राहू द्या. तुमचा सण आहे. दोर आहे तेवढं पुरे."

सुंठीवाचून खोकला गेला. अंगणभर लोकांचा जीव भांड्यात पडलेला मारदाला दिसत होता. कारभाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पाळकांनी डोळे मिटून घेतले, त्यांचे ओठ हलत होते, बहुधा आभार मानत असावेत. चर्च वाचलं, तुरुंग टळला, वाकणंसुद्धा टळलं. मारदाने फक्त तोंड बंद ठेवायचं होतं. तेवढंच तिला उभ्या जन्मात कधी जमलेलं नव्हतं, पण त्या घटकेला तिने मनापासून प्रयत्न केला. कारण तिलाही भीती वाटत होती. ठाण्यातून परत आलेल्या माणसांच्या बोटांना तिने स्वतः पट्ट्या बांधल्या होत्या.

पण दोर तिने बाळासाठी वळला होता. आता कागदावर लिहिलं जाणार की तो राजासाठी होता. बाळ राखायला बांधलेल्या दोरानेच बाळाला घराबाहेर काढल्यासारखं झालं असतं, आणि तेही तिच्या हाताने वळलेल्या दोराने. देव्हारा भिंतीवर लागला असता तर निदान लोकांना सांगता आलं असतं, जबरदस्तीने लावला. हे तर आपणहून झालं असतं.

"साहेब," ती म्हणाली. "तो दोर तुमच्या देव्हाऱ्यासाठी नाही."

"आजी!" योंगगिल म्हणाला.

"तू गप रे. साहेब, आमच्यात घरी मुलगा झाला की हा दोर बांधतात. हा बांधला की बाहेरच्यांनी आत यायचं नाही. तुम्ही बाहेरचे."

फौजदारांनी सावकाश टोपी डोक्यावर घातली. "कुणाला मुलगा झाला?"

"मरियेला. आज आमचा तारणारा जन्मला."

"तो दोन हजार वर्षांपूर्वी मेला."

"मेला की. माणूस होता, म्हणून मेला. देव होता, म्हणून मेलेला राहिला नाही."

"माणूस की देव, एक काय ते बोल."

"दोन्ही."

"असा जगात एकच आहे," फौजदार म्हणाले. "तो टोकियोत आहे."

"असेल बाई. मी सुईण आहे, मला जास्त कळत नाही," मारदा म्हणाली. आता थांबायला उशीर झाला होता. "आमच्या देवाची नाळ कापावी लागली होती. तो भुकेने रडला, त्याला दात आले, काटा रुतला तर रक्त आलं. आम्ही हे लपवत नाही, छपरावर चढून सांगतो. तुमच्या राजाचीही नाळ कुणीतरी कापलीच असेल. मग ते का लपवता? माणूस आहे म्हणा, आम्ही सलाम करतो. देव आहे म्हणून ह्या दारातून नका आणू. इथली जागा भरलेली आहे."

असलं कुणी कधी मोठ्याने बोललं नव्हतं. योंगगिलने देव्हारा इतका घट्ट धरला की कापडाखालचं लाकूड करकरलं.

फौजदार पाळकांकडे वळले. ते चिडले होते, पण त्याहून जास्त दुखावले होते. आईच्या गावची आठवण त्यांनी ह्या लोकांसमोर काढली होती. "ही म्हातारी भ्रमिष्ट आहे," ते म्हणाले. "तुम्ही तसं सांगा, मी तसं लिहितो. ती घरी जाईल, दोर देव्हाऱ्यासाठी होता असंच राहील. की हे तुमच्या चर्चचं शिक्षण आहे? विचार करून बोला, पाळक."

मारदाला चाबकाची धास्ती होती, पण त्याहून मोठी धास्ती ही होती की हे भले पाळक आपल्याला वाचवतील. 'वेडी आहे हो बिचारी,' एवढं म्हटलं की झालं. मग तीस वर्षं डोंगर तुडवत सांगितलेलं सगळं एका वेडीचं बरळणं ठरणार. ती त्यांच्याकडे बघत राहिली. वाचवू नका, ती मनात म्हणत होती. मेहेरबानी करा आणि मला वाचवू नका.

पाळकांनी अंगणातल्या एकेका तोंडाकडे बघितलं. मग दोराकडे.

"वेडी नाहीत त्या," ते म्हणाले. आवाज इतका लहान की फौजदारांना पुढे वाकावं लागलं. मग पाळकांनी घसा खाकरला. "आमचं हेच शिक्षण आहे. मी पुस्तकातून शिकवतो, तेव्हा निम्मे लोक पेंगतात. त्यांनी सांगितलं ते सगळ्यांना कळलं. तो पूर्ण देव आणि पूर्ण माणूस. असा दुसरा कुणी नाही. देव्हारा इथं लागणार नाही, साहेब. बाजूच्या खोलीतही नाही."

सोक कारभारी बर्फात मटकन खालीच बसले.

"तोडून टाक तो दोर," फौजदार योंगगिलला म्हणाले.

योंगगिल हलला नाही. "साहेब, दुसरं काहीही सांगा." फौजदारांनी त्याच्या मुस्काटात मारली. त्याने गाल चोळला नाही, दोराला हातही लावला नाही. शेवटी फौजदारांनीच तलवार उपसून दोर तोडला. मिरच्या बर्फात पडल्या.

दार मोकळं झालं. पण तोवर चुलीपाशी होत्या तेवढ्या बायका आतून दारात आल्या होत्या, कुणाच्या हातात कढणाचा वाडगा, कुणाच्या कडेवर पोर. त्या चौकटीत खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. फौजदारांनी त्यांच्याकडे बघितलं, हातातल्या तलवारीकडे बघितलं. पोर कडेवर घेतलेल्या बायकांना ढकलून आत जायचं त्यांना त्या घटकेला जमलं नाही. उद्या जमेल, माणसं घेऊन येतील, हे सगळ्यांनाच माहीत होतं. देव्हारा आला तसा कापडात गुंडाळलेलाच खाली निघाला.

पाळकांचे आणि मारदाचे हात पुढे बांधले. बांधलं योंगगिलनेच, ते त्याला टाळता आलं नाही. बांधताना तो रडत होता आणि मारदा त्याला सांगत होती, "घट्ट बांध रे, नाहीतर तुलाच परत मारेल तो." फौजदार पुढे, शिपाई मागे, मध्ये ही दोघं. वाट बर्फाने निसरडी झाली होती. मागून बायकांचं गाणं सुरू झालं, नाताळचंच, आधी दोघी-तिघींचं, मग सगळ्यांचं.

थोडं उतरल्यावर पाळक दबक्या आवाजात म्हणाले, "मारदाबाई, शूर वगैरे नाही हो मी. बघा, पाय लटपटताहेत. अजून ठाणं दिसलंसुद्धा नाही."

"लटपटू देत."

"तिथं मारायला लागले आणि मी ओरडलो, नको नको म्हणालो तर?"

"तोही म्हणाला होता नको नको," मारदा म्हणाली. "बागेत, क्रूसावर चढवायच्या आदल्या रात्री. घामाने भिजला होता, आणि सोबत्यांना म्हणत होता, झोपू नका, माझ्याजवळ बसा. देव होता तरी घाबरला. आपण तर नुसतीच माणसं." तिने बांधलेले हात त्यांच्या कोपराखाली सरकवले. "इथं उतार आहे. माझ्यावर भार टाका आणि चला."

पाळकांनी भार टाकला.